हच्चे आणि गोंदण : स्त्रीच्या अंगावरील एका खुणेचा इतिहास



व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी फोन करून विषय विचारला तेव्हा मी ‘गोंदण’ म्हटले. पलीकडे जरा शांतता झाली. मग त्यांनी विचारले, “म्हणजे शांताबाई शेळक्यांच्या कवितासंग्रहावर बोलणार का?” मी म्हटले, नाही, कातडीवरच्या गोंदणावर. ते सज्जन गृहस्थ आहेत. “बरं, बरं” म्हणाले आणि फोन ठेवला. इतिहासाच्या व्याख्यानाला हा विषय शोभेल की नाही, ही त्यांची शंका मला ऐकू आली. आज तुमच्यापैकी काहींच्या मनातही ती असेल, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आपण धारवाड-हुबळीची जुनी मराठी घराणी. परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७९०-९१ साली धारवाडच्या किल्ल्याला दिलेला वेढा आपल्याकडे घरच्या गोष्टीसारखा सांगितला जातो. कुणाचे पूर्वज त्या सुमारास आले, कुणाचे आधी, कुणाचे नंतर. सनदांत, मोडीच्या रुमालांत, जमिनीच्या कागदांत त्या पूर्वजांची नावे सापडतात. ते सगळे पुरुष. त्यांच्याबरोबर बैलगाडीतून आलेल्या बायकांची नावे बहुतेक वंशावळींत नाहीत. जिथे आहेत तिथे सासरची आहेत. या बायकांच्या आयुष्याविषयी लिहिलेले असे काही होते का? होते. ते त्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर होते, आणि प्रत्येकीबरोबर ते स्मशानात जळून गेले. ज्या दप्तराची नक्कल कुणी ठेवली नाही अशा दप्तराविषयी मी आज बोलणार आहे.

माझ्या आजीच्या उजव्या हातावर, मनगटाच्या आतल्या बाजूला, तुळशीवृंदावन होते. त्याखाली पाच ठिपके. दोन भुवयांच्या मध्ये एक ठिपका, कुंकवाच्या जागी. रंग ओल्या पाटीवरच्या शेवाळासारखा. लहानपणी मी तिच्या मांडीवर डोके ठेवून ते ठिपके बोटाने मोजत असे. ते नेहमी पाचच भरत, तरी मोजायचे. माझ्या आईच्या हातावर काही नव्हते. माझ्याही नाही. माझ्या नातीच्या हातावर आहे, आणि त्यावरून माझा तिच्यावर राग निघाला. चार पिढ्यांचे हे चार हात समोर ठेवून मी या विषयाकडे पाहते आहे.

आधी शब्द पाहू. मराठीत आपण गोंदणे म्हणतो. सुईने टोचून आत रंग भरणे, ही त्यातली क्रिया. हिंदीत गोदना. कन्नडमध्ये मात्र हच्चे म्हणतात, आपल्या धारवाडी बोलीत हच्ची. हा शब्द जुन्या पच्चे या रूपावरून आला, आणि पच्चे म्हणजे हिरवे. तमिळमध्येही पच्चै म्हणजे हिरवे, आणि गोंदण्यासाठी तिथेही तोच शब्द वापरतात. मराठीने त्या गोष्टीला नाव दिले ते टोचण्यावरून, कन्नडने दिले ते उरलेल्या रंगावरून. आपल्या घरांत दोन्ही शब्द चालत. आजी लहान मुलीला धाक घालताना “गोंदून टाकीन” म्हणे, आणि स्वतःच्या हाताविषयी बोलताना “माझी हच्ची” म्हणे. दुखणे एका भाषेत आणि ठेवा दुसऱ्या भाषेत, अशी वाटणी तिने नकळत केली होती.

गोंदण हिरवे का दिसते, याचे उत्तर सोपे आहे. रंग खरे तर काळाच. एरंडेल किंवा दुसऱ्या तेलाच्या दिव्यावर भांडे धरून काजळी जमवायची, तिच्यात माक्यासारख्या एखाद्या पाल्याचा रस घालायचा. कुठे कुठे लेकुरवाळ्या बाईचे दूधही घालत. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधून त्या मिश्रणात बुडवून टोचायच्या. नंतर हळद आणि तेल. आपल्या त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो, पण काजळीचे कण त्याच्या खालच्या थरात जाऊन बसतात आणि जन्मभर राहतात. काळा रंग इतक्या खोलवरून दिसतो तेव्हा डोळ्यांना निळसर-हिरवा भासतो. जखम आठ-पंधरा दिवसांत भरते.

हे काम करणाऱ्या बायका आपल्या भागात मुख्यतः कोरव समाजाच्या. लोक त्यांना कोरवंजी म्हणत. टोपल्या विणणे, दोर वळणे, भविष्य सांगणे आणि हच्चे काढणे ही त्यांची कामे. बाराव्या शतकातले शरण नुलिय चंदय्य दोर वळून जगत. कोरम-कोरव समाज त्यांना आपले मानतो. १८८४ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या धारवाड खंडात या समाजाचे वर्णन आहे. एडगर थर्स्टन यांनी १९०९ साली सात खंडांत दक्षिणेतल्या जातिजमातींचा जो कोश काढला, त्यातही कोरव बायकांच्या गोंदण्याची नोंद आहे. नोंदी करणारे सगळे साहेब आणि त्यांचे पुरुष कारकून. कोरवंजी अंगणात बसून काम करते ते त्यांनी पाहिले किंवा ऐकले. अंगणातून माजघरात गेल्यावर काय बोलणे होते, ते ऐकायला त्यांच्यापैकी कुणी नव्हते.

माजघरात काय होई ते मला आजीने सांगितले. तिचे लग्न ठरले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. सासरी पाठवण्याआधी मुलीला गोंदवायचेच, नाहीतर सासू म्हणणार, आईबापांनी मुलीला कोरीच पाठवली. कोरवंजी सकाळी आली. आजीच्या आईने तिला ज्वारी, तेल, जुने लुगडे आणि दोन पैसे दिले. आजीला एका मावशीने पाठीमागून धरले, दुसरीने हात धरला. कोरवंजी गात होती, टोचत होती, मधूनच गाणे थांबवून विनोद करत होती. आजी रडायला लागली तेव्हा मावशी म्हणाली, “एवढं सोसवत नाही, मग बाळंतपण काय सोसशील?”

मला वाटते, गोंदणाचा निम्मा अर्थ त्या एका वाक्यात आहे. मुलीला बाई करण्याचा तो संस्कार होता. मुलाची मुंज होते, त्याला मंत्र मिळतो, तो शिकायला जातो. मुलीला त्याच सुमारास सुई मिळते आणि सोसायला शिकवले जाते. शिवाय जी चित्रे काढत ती पाहा : तुळस, पाळणा, मोर, विंचू, ठिपके. तुळशीपुढचे अंगण आणि पाळण्याभोवतीचे घर, यांच्यापलीकडे जाऊ नये असा तो नकाशाच होता. यात निवड नव्हती. आज आपण संमती म्हणतो ती नऊ वर्षांच्या मुलीला कुणी विचारली नव्हती. जुन्या गोष्टींविषयी बोलताना आपण फार लवकर हळवे होतो. मलाही तो मोह होतो, म्हणून हे आधी सांगून टाकले.

पुरुष गोंदवत नसत असे नाही. पैलवानाच्या दंडावर मारुती असे, वारकऱ्याच्या हातावर विठोबा, आणि कितीतरी पुरुषांच्या हातावर स्वतःचे नाव. पण पुरुषाला ते केलेच पाहिजे असे नव्हते. जत्रेला गेला, मित्रांनी भरीला घातले, गोंदवून आला. नाही गोंदवले तरी त्याच्या पुरुषपणात उणे येत नसे. नावांकडेही जरा नीट पाहा. पुरुषाच्या हातावर स्वतःचे नाव असते, बाईच्या हातावर नवऱ्याचे किंवा भावाचे. त्याचा हात सांगतो, मी अमुक. तिचा हात सांगतो, मी अमक्याची. आणि जे नाव तोंडाने घ्यायचे नाही, घ्यायचेच झाले तर उखाण्यात गुंडाळून घ्यायचे, तेच कातडीवर उघडे वागवायचे. कित्येकींना ते वाचताही येत नसे. न बोलता येणारे आणि न वाचता येणारे नाव घेऊन त्या जन्मभर वावरल्या.

इथे एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. कोरवंजी अक्षरे काढत नसे, कारण तिला ती येत नव्हती. तिचे काम ठिपक्यांचे आणि रेघांचे, रांगोळीसारखे. उंबऱ्याबाहेर जे पिठाने काढायचे तेच हातावर काजळीने. नावे आली ती पुढे, जत्रेतल्या यंत्रवाल्याबरोबर. त्याला लिहिता येत होते आणि बहुधा तो पुरुष होता. ‘मी अमक्याची’ हा मजकूर म्हणून मला बराच अलीकडचा वाटतो. त्याआधीची ठिपक्यांची भाषा कुणाची मालकी सांगत नव्हती. ती बायकांनी बायकांच्या अंगावर काढलेली, बायकांनाच कळणारी भाषा होती.

मालकीचा प्रश्न निघाला म्हणून आजीच्या कपाळावरच्या ठिपक्याकडे वळते.

आजोबा गेले तेव्हा आजी अठ्ठावीस वर्षांची होती. १९३० चा तो सुमार. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला त्याला तोवर तीन तपे उलटली होती, पण पुण्यातली सुधारणा आमच्या वाड्यापर्यंत पोचली नव्हती. बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र उतरवले, कुंकू पुसले. कुंकू पुसल्यावर खाली तो हिरवा ठिपका दिसला. सवाष्णीच्या कपाळावर तो कुंकवाखाली झाकलेला असे. आता तो एकटाच वर आला. घरातल्या एका वडीलधाऱ्यांना ते खटकले. विधवेच्या कपाळावर खूण नको. बिब्बा लावला तर कातडी जळून जाईल आणि ठिपकाही जाईल, असे त्यांनी सुचवले. घरातल्या बायका गप्प होत्या. आजी म्हणाली, “हे माझ्या आईनं गोंदवलंय. ते तुमच्या घरचं नाही.”

यापुढे कुणी काही बोलले नाही. ठिपका राहिला.

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आजी बंडखोर नव्हती. तिने पुढची चाळीस वर्षे लाल कुंकू लावले नाही, हळदीकुंकवाला बसली नाही. पण तिच्या अंगावरच्या सगळ्या वस्तूंमध्ये एवढी एकच अशी होती की जी लग्नाने आली नव्हती आणि लग्नाबरोबर जाऊ शकत नव्हती. मंगळसूत्र सासरचे, बांगड्या सौभाग्याच्या, कुंकू नवऱ्याच्या आयुष्याचे. गोंदण आईने ज्वारी मोजून विकत घेतलेले. ज्या समजुतीने ते लादले त्याच समजुतीने ते टिकवलेही, कारण बायका म्हणत, मेल्यावर सगळे दागिने काढून घेतात, तेवढे गोंदण बरोबर येते. बाईला बांधून ठेवण्यासाठी काढलेली खूण तिच्याकडून कुणालाच काढून घेता येईना. पुसता येते ते सौभाग्य आणि पुसता येत नाही ते गोंदण, हा भेद रूढीच्या लक्षातच आला नव्हता.

याच गावातली एक दुसरी खूण तुलनेला घेऊ. आषाढी एकादशीला माध्व मठांत तप्तमुद्रा देतात. धातूच्या शंख-चक्राच्या मुद्रा होमाच्या अग्नीत तापवून स्वामी त्या अंगावर उमटवतात. आपल्यातल्या अनेक देशस्थ घरांतून त्या दिवशी मठात जातात, स्त्रिया आणि पुरुष दोघेही. मुद्रेचा डाग काही दिवसांत जातो, म्हणून दरवर्षी ती पुन्हा घ्यायची. ती देतो पुरुष, गुरू म्हणून. तिच्यामागे शास्त्र आहे, ग्रंथ आहे, परंपरेची यादी आहे. गोंदण देते ती गावाबाहेर राहणारी बाई. तिच्यामागे ग्रंथ नाही. जिच्या हातचे पाणी आमच्या घरात चालत नव्हते, तिच्या सुईखाली आमच्या घरच्या मुलींचे रक्त सांडत होते, आणि त्याचा विटाळ कुणी मानत नव्हते. बायकांच्या कामासाठी सोवळ्याची रेघ अशी गुपचूप वळवली जाई.

ही कोरवंजी घराच्या आतपर्यंत जाऊ शकते, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. तिरुपतीच्या आख्यानात श्रीनिवासाला पद्मावतीच्या अंतःपुरात जायचे असते. देव असून त्याला वाट सापडत नाही. शेवटी तो भविष्य सांगणाऱ्या रानवट बाईचे रूप घेतो आणि टोपली घेऊन सरळ आत जातो. कर्नाटकाच्या यक्षगानात ही कोरवंजी लाडकी आहे. तिथे पुरुष नट देवाचे सोंग घेतो आणि तो देव पुन्हा बाईचे सोंग घेतो. तमिळमध्ये तर कुरवंजी नावाचा नाट्यप्रकारच आहे, आणि तंजावरच्या आपल्या मराठी दरबारात तो मराठीत आला : दुसऱ्या सरफोजी राजांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त ही भटकी बाई पृथ्वीचा भूगोल समजावून सांगते. मला त्यात गंमत वाटते आणि न्यायही दिसतो. राजाच्या पदरी भूगोल जाणणारे पंडित पुष्कळ असतील. पण पायाने मुलूख मोजलेली बाई म्हणून त्यांना हीच आठवली. कन्नडमध्ये डॉ. एम. शिवराम म्हणजे ‘राशि’ यांनी १९४२ साली विनोदी मासिक काढले, त्याचे नावही ‘कोरवंजी’. सगळीकडे जाणारी, सगळे पाहणारी, कुणाचा मुलाहिजा न ठेवणारी, अशी तिची प्रतिमा.

याच बाईचे सरकारने काय केले ते आता पाहू. हा भाग आपल्या गावातच घडला, आणि आपण त्याविषयी फार कमी बोलतो.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तरेत लागू होता. १९११ च्या कायद्याने मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही आला, आणि १९२४ साली त्याचे एकत्रित रूप झाले. एखादी जमात जाहीर झाली की तिच्यात जन्मलेला माणूस नोंदीवर. बोटांचे ठसे, हजेरी, गाव सोडायला परवाना. मुंबई इलाख्यात विजापूर, सोलापूर, गदग, हुबळी अशा ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. त्यांची घडी बसवणारे सनदी अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट यांच्याच अध्यक्षतेखाली पुढे अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची पाहणी करणारी समिती नेमली गेली. त्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा होते आणि तिचा अहवाल १९३० साली आला. हुबळीत त्या जागेला आजही सेटलमेंटच म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढे सांगितले की तो नेतो. तिथे कोरवांसह अनेक भटक्या जमातींची माणसे ठेवली होती. सुधारणा म्हणजे एका जागी राहणे, ठरल्या वेळी हजेरी देणे, गिरणीत किंवा दुसरीकडे मजुरी करणे.

गोंदणाऱ्या बाईचा धंदा पायावर चालतो. ती गावोगाव फिरते, कुठल्या घरी लग्नाची मुलगी आहे ते तिला माहीत असते, सुगीनंतर कुठे जायचे ते तिला कळते. हजेरी आणि फिरती एकत्र नांदत नाहीत. आपल्या घरातल्या मुलींच्या कपाळावर सौभाग्याची खूण काढणारी बाई कायद्याच्या वहीत जन्मजात गुन्हेगार ठरली, तेव्हा आपल्या घरांतून कुणी काही म्हटल्याचे मला कुठे आढळले नाही. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळाली, तेव्हा मराठी वाचकाला कैकाडी समाजाचे जगणे पहिल्यांदा आतून दिसले. कैकाडी आणि कोरव हे एकमेकांचे नात्यातले समाज. दोघांची बोली तमिळच्या जवळची. ‘उपरा’ आमच्या घरी आले, वाचले गेले, सगळे हळहळले. पण सेटलमेंट आमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे, हे तेव्हा कुणाला सुचले नाही.

मला एक सकाळ आठवते. १९५८ असेल. मी सात वर्षांची. दारात एक म्हातारी टोपली घेऊन आली आणि आईला कन्नडमध्ये म्हणाली, मुलीला हच्ची घाला, चांगली घालते. आई शाळेत शिकलेली. तिला ते अडाणीपणाचे वाटे. तिने म्हातारीला शेरभर ज्वारी दिली आणि “आमच्यात आता नाही घालत” म्हणून दार लावले. आजी आतून पाहत होती. ती बाहेर गेली, म्हातारीला थांबवले आणि पायरीवर बसून दोघी बराच वेळ बोलल्या. आजीने आपला हात पुढे केला आणि म्हातारीने तो उलटसुलट करून पाहिला, वैद्य नाडी पाहतो तसा. काय बोलल्या ते मला कळले नाही. ती म्हातारी कुठून आली, तिला त्या गावाबाहेर जायची मोकळीक मिळून किती वर्षे झाली होती, याचा हिशेब मी फार पुढे केला. सहा.

सरकारला खुणा नको होत्या असे मात्र नाही. त्या कुणी काढायच्या, एवढाच प्रश्न होता. कंपनी सरकारने बंगालमध्ये १७९७ साली जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदण्याचा नियम केला. त्यालाही गोदनाच म्हणत. तो १८४९ साली रद्द झाला. तोवर कैदी फेटे कपाळावर ओढून फिरत. जपानच्या सरकारने १८७१ साली उत्तरेकडच्या आयनू स्त्रियांना ओठांभोवती गोंदवण्याची बंदी केली. त्या समाजात ते गोंदण पुरे झाले की मुलगी लग्नाची झाली असे मानत. सरकारला ते रानटी वाटले. त्याच जपानमध्ये दहा वर्षांनी, १८८१ साली, इंग्लंडचा राजपुत्र, पुढचा पाचवा जॉर्ज, गेला आणि हौसेने हातावर गोंदवून आला. त्याच्या वडिलांनी १८६२ साली जेरुसलेमला गोंदवून घेतले होते. पुरुषाने, त्यातही राजपुत्राने, केले की तो शौक. आयनू बाईने केले की रानटीपणा. कोरवंजीने केले की संशयास्पद धंदा. आणि ही गोष्ट फार जुनी झाली असेही समजू नका. १९९३ साली अमृतसरमध्ये पोलिसांनी चार स्त्रियांच्या कपाळावर ‘जेबकतरी’ असे गोंदवले. त्याचा निकाल लागून तिघा पोलिसांना शिक्षा व्हायला २०१६ साल उजाडले. ज्या जागी आईने ठिपका द्यायचा, त्याच जागी पोलिसांनी शिवी कोरली.

न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने १८९१ साली विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे पेटंट घेतले. एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून त्याला ते सुचले. आपल्या जत्रांत ते पोचायला बरीच वर्षे लागली, पण पोचले. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या पौर्णिमेला, हुबळीत सिद्धारूढ मठाच्या शिवरात्रीच्या जत्रेत, बॅटरीला जोडलेले यंत्र, रंगवलेला चित्रांचा फलक आणि समोर स्टुलावर बसलेले गिऱ्हाईक, हे दृश्य माझ्या पिढीने पाहिले आहे. यंत्रामागे बहुधा पुरुष. बाईने बाईला द्यायची वस्तू बाजारात आली, आणि बाजारात आल्यावर ती पुरुषाच्या हाती गेली. पिठाची गिरणी आल्यावर जात्याचे जे झाले तेच. कष्ट वाचले हे खरे. एका सुईने दहा जणांना टोचण्याचे धोके आज आपल्याला कळतात, तेव्हा जुन्या पद्धतीविषयी उमाळे काढण्यात अर्थ नाही. पण एका समाजातल्या बायकांची स्वतःची कमाई गेली, हेही तितकेच खरे. आधी वहीने नेली, मग यंत्राने.

शिकलेल्या घरांनी गोंदण सोडले त्यामागे सुधारणा होती. माझ्या आईने दार लावले म्हणून मी सोसण्याच्या त्या धड्यातून सुटले, याबद्दल मी तिची ऋणी आहे. त्याबरोबर एक लाजही आली. गोंदण म्हणजे खेडवळ, गोंदण म्हणजे खालच्या जातीतले, असे आपण म्हणू लागलो. आजीला पाहुण्यांपुढे पदर मनगटापर्यंत ओढून बसायला घरातल्या सुनांनी सांगितलेले मी ऐकले आहे. वडीलधाऱ्यांच्या बिब्ब्यापासून वाचलेली खूण सुनांच्या पदराखाली गेली.

आता चौथा हात. माझी नात बेंगळुरूला नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आली तेव्हा तिच्या मनगटावर एक लहानशी वेल होती. मी रागावले. चांगल्या घरच्या मुली असे करत नाहीत, असे म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, “पणजीच्या हातावर होतं ना?” मी म्हटले, “तिला कुणी विचारलं नव्हतं.” ती म्हणाली, “मला मीच विचारलं.”

मला उत्तर सुचले नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आले की मी तिच्याशी त्या वडीलधाऱ्यांच्या आवाजात बोलले होते. आजीच्या वेळी गोंदण नसलेली मुलगी चांगल्या घरची नव्हती. माझ्या वेळी असलेली नव्हती. निकष उलटा झाला, पण तपासायची ती मुलीचीच कातडी. नातवाने दंडावर गोंदवले होते, त्याला मी एका शब्दाने बोलले नव्हते.

हा प्रश्न फक्त घरापुरता नाही. सैन्यभरतीत गोंदणाचे नियम आहेत : हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या पाठीवर चालते, इतरत्र चालत नाही, आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेप्रमाणे मोकळीक आहे. हे नियम पुरुषाचे शरीर डोळ्यांसमोर ठेवून झाले. २०१९ साली लष्करी पोलीस दलात शिपाई म्हणून मुलींची भरती सुरू झाली, तेव्हा आपल्या शेजारी बेळगावातही मुलींचा मेळावा भरला. आजीचे वृंदावन त्या नियमात बसले असते. कपाळावरचा ठिपका बसला नसता.

मित्रहो, एका शतकात ही खूण कर्तव्य होती, मग लाज झाली, आणि आता निवड होते आहे. प्रत्येक टप्प्यावर तिने हेच विचारले की बाईचे अंग कुणाचे. आजीने उत्तर दिले, माझ्या आईचे. नात म्हणते, माझे. या दोन उत्तरांत जे अंतर आहे तोच आपल्या घरांतल्या बायकांचा इतिहास, आणि पहिले उत्तर दिले गेले नसते तर दुसरे इतक्या सहज देता आले नसते.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी कुणाच्या घरी, किंवा घरी कामाला येणाऱ्या बाईंकडे, अजून जुने गोंदण असलेला हात असेल. त्या परवानगी देतील तर त्याची रेखाकृती कागदावर उतरवून घ्या. खाली वय, गाव, कुणी गोंदवले, काय मोबदला दिला, तेव्हा कोण कोण जवळ होते, एवढे लिहा. गोंदणारीचे नाव आठवत असेल तर ते आधी लिहा. ते कागद मंडळाच्या ग्रंथालयात ठेवण्याची व्यवस्था मी कार्यवाहांना विचारली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. फोनवरच्या त्या शांततेबद्दलची माझी तक्रार त्यामुळे मिटली.

आजी १९७१ साली गेली. तिला आंघोळ घालताना मी तिथे होते. अंगावर काढण्यासारखे काही नव्हतेच. मी पाच ठिपके मोजले आणि हात खाली ठेवला.